बेकनची तडजोड

इंग्रजी गद्याचा अभ्यास ज्यांनीं कॉलेजांत केला आहे, त्यांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं बेकनच्या निबंधांचें एक लहानसें पुस्तक असतें. परीक्षा संपल्यावर इतर पाठ्यपुस्तकें रद्दीच्या वाटेस लागतात; हें मात्र कपाटांत राहतें. याचें कारण उघड आहे. मैत्री, द्रव्य, अधिकार, विवाह, मृत्यु अशा ज्या विषयांशीं प्रत्येक संसारी माणसाचा संबंध येतो, त्यांवर इतक्या थोड्या शब्दांत इतकें शहाणपण क्वचितच कोणी सांगितलें असेल. परंतु निबंध वाचून झाल्यावर वाचक प्रस्तावनेंतील चरित्राकडे वळतो आणि चपापतो. ज्या हातानें हे निबंध लिहिले, त्याच हातानें न्यायासनावर बसून पक्षकारांचे पैसे घेतले. ज्यानें मैत्रीचा महिमा गाइला, त्यानेंच आपल्या उपकारकर्त्याविरुद्ध राजद्रोहाच्या खटल्यांत सरकारतर्फें भाषण केलें. आम्ही पुष्कळ वर्षें हे निबंध वर्गांत शिकवीत आलों आहोंत; आणि दर वर्षीं कोणीतरी विद्यार्थी हा एकच प्रश्न विचारतो कीं, ज्याला इतकें समजत होतें त्याच्या हातून असें कसें झालें? हा प्रश्न पोरकट नाहीं. निबंधांचें खरें मोल ठरविण्यापूर्वीं त्याचें उत्तर शोधलेंच पाहिजे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें प्रसिद्ध आहेत. पहिलें मेकॉलेचें. त्यानें आपला बेकनवरील प्रदीर्घ निबंध हिंदुस्थानांत असतांना, कलकत्त्यास लिहिला, आणि तो १८३७ सालीं 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्यें प्रसिद्ध झाला. १८३५ च्या ज्या टिपणानें आमच्या इंग्रजी शिक्षणास वळण लाविलें, तें याच लेखणींतून उतरलेलें. त्यामुळें आमच्याकडील अनेकांनीं बेकन वाचला तो मेकॉलेच्या चष्म्यांतून, यांत नवल नाहीं. मेकॉलेच्या मतें बेकन दोन होते : एक तत्त्ववेत्ता, तो आकाशाएवढा थोर, दुसरा दरबारी, तो तितकाच क्षुद्र. दुसरें उत्तर स्पेडिंगचें. या सज्जन पंडितानें आपल्या आयुष्याचा मोठा भाग बेकनच्या चरणीं वाहिला आणि त्याचीं पत्रें व चरित्र १८६१ ते १८७४ या काळांत सात खंडांत प्रसिद्ध केलें. प्रत्येक आरोपास त्याच्याजवळ समाधान आहे : त्या काळची रीतच तशी होती, राजाज्ञाच तशी होती, पुरावाच अपुरा आहे. पुढें १९९६ सालीं नीव्हज मॅथ्यूज या लेखिकेनें तर एक जाडा ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, बेकनची बदनामी हीच मुळीं रचलेली गोष्ट आहे.

आम्हांस या दोन्ही उत्तरांनीं समाधान होत नाहीं. मेकॉले आरोपीच्या पिंजऱ्यासमोर सरकारी वकील होऊन उभा राहतो, स्पेडिंग बचावाचा वकील होतो. पण दोघेही एकेक कृत्य सुटें करून तपासतात. माणसाचें आयुष्य असें सुट्या कलमांचें बनलेलें नसतें. बेकनच्या सर्व कृत्यांतून एकच धागा गेलेला आहे, आणि तो धागा लोभाचा नसून एका युक्तिवादाचा आहे. तो युक्तिवाद असा : माझें खरें कार्य ज्ञानाचें आहे; पण तें पार पाडण्यास सत्ता व द्रव्य हवें; तेव्हां आधीं सत्ता मिळवूं, आणि ती मिळेपर्यंत मनाला जें पटत नाहीं तें थोडेंसें सहन करूं. बेकन दुष्ट नव्हता. त्यानें आपल्या आत्म्याशीं एक तडजोड केली, व ती अत्यंत उदात्त हेतूनें केली. त्याची शोकांतिका येथेंच आहे.

हा करार आपणांस त्याच्या १५९२ च्या एका पत्रांत स्पष्ट दिसतो. बेकन तेव्हां एकतीस वर्षांचा होता. त्याचे वडील राणीचे मुद्राधिकारी होते. पण ते १५७९ त वारले आणि सर्वांत धाकट्या मुलाच्या वांट्यास फारसें कांहीं आलें नाहीं. राणीचे प्रमुख मंत्री लॉर्ड बर्ले हे त्याच्या मावशीचे यजमान. त्यांस लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, सारें ज्ञानक्षेत्र हेंच आपण आपलें कार्यक्षेत्र मानलें आहे. राज्यकारभारांत आपल्या आकांक्षा बेताच्याच आहेत. मात्र एखादी जागा मिळाली तर आपल्या एकट्याच्या बुद्धीखेरीज इतरांची बुद्धिही आपल्या कामीं लावतां येईल. विनंति किती वाजवी आहे! ती वाचून कोणाही सुशिक्षित गृहस्थास सहानुभूति वाटेल. जागा मात्र मिळाली नाहीं.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १५९३ त, एक प्रसंग आला. सरकारनें पार्लमेंटापाशीं जादा कर मागितला, आणि तो थोड्या अवधींत वसूल व्हावा अशी त्याची इच्छा होती. बेकन सभासद होता. तो उठला आणि म्हणाला कीं, इतक्या लवकर इतका पैसा द्यावयाचा तर लोकांस घरचीं भांडीं विकावीं लागतील. बोलणें खरें होतें, निर्भय होतें. आणि राणीची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. दरबाराचें दार त्यास बंद झालें. त्यानें स्वतःच्या समर्थनार्थ पत्रें लिहिलीं, पण पुन्हां तसें भाषण कधीं केलें नाहीं. आमच्या मतें बेकनच्या आयुष्यांतला निर्णायक क्षण १६२१ चा नसून हा आहे. या एका धड्यापासून तो एवढेंच शिकला कीं, खरें बोलण्याची किंमत फार पडते, आणि ती किंमत द्यावयास आपली अजून सोय नाहीं.

या वनवासांत त्याच्या पाठीशीं एकच माणूस उभा राहिला, तो तरुण अर्ल ऑफ एसेक्स. त्यानें बेकनसाठीं आधीं ॲटर्नी-जनरलची जागा मागितली. १५९४ त ती कोकला मिळाली. मग सॉलिसिटर-जनरलची मागितली. तीही दुसऱ्यास गेली. आपली शिफारस फुकट गेली म्हणून एसेक्सनें स्वतःच्या मालकीची जमीन बेकनला बक्षीस दिली, आणि ती पुढें बेकननें १८०० पौंडांस विकली. ८ फेब्रुवारी १६०१ रोजीं एसेक्सनें लंडनच्या रस्त्यांत बंडाचा एक वेडगळ प्रयत्न केला. १९ तारखेस खटला उभा राहिला. कोक सरकारतर्फें मुख्य होता. तो रागाच्या भरांत विषयांतर करी आणि आरोपी निसटूं पाही. अशा वेळीं बेकन उठे आणि खटल्याचा धागा पुन्हां नीट हातांत देई. २५ तारखेस एसेक्सचा शिरच्छेद झाला. बंड खरें होतें, शिक्षा कायद्यास धरून होती, हें आम्हांस मान्य आहे. राजनिष्ठा मैत्रीहून श्रेष्ठ, हें बेकनचें १६०४ मधील समर्थनही अगदींच पोकळ नाहीं. पण कोणी दुसरा वकील हें काम करूं शकला असता; आजारी पडण्याची मुभा बेकनलाही होती. ती त्यानें घेतली नाहीं, कारण १५९३ चा धडा तो विसरला नव्हता.

आणि तरी जागा मिळण्यास आणखी सहा वर्षें लागलीं. मधल्या काळांत, १६०५ त, 'ॲडव्हान्समेंट ऑफ लर्निंग' हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यानें एक प्रत सर टॉमस बॉड्लीकडे पाठविली. बरोबरच्या पत्रांत एका स्तोत्रांतील वचनाचा आधार घेऊन तो कबूल करितो कीं, समजूं लागल्यापासून आपण जें जें केलें त्यांत आपलें मन नव्हतें. आपला आत्मा तेथें परक्यासारखा राहिला. आपण पुस्तक हातीं धरण्यास योग्य, पण आयुष्य घालविलें तें ज्याला आपण स्वभावतःच लायक नाहीं अशा सार्वजनिक कामांत. हें पत्र आम्हीं जितक्या वेळां वाचलें तितक्या वेळां आम्हांस तेथें थांबावें लागलें. रोगाचें इतकें अचूक निदान रोग्यानें स्वतः करावें, आणि मग काय करावें? १६०७ त सॉलिसिटर-जनरल व्हावें, १६१३ त ॲटर्नी-जनरल, १६१७ त मुद्राधिकारी, १६१८ त लॉर्ड चॅन्सेलर. आपला आत्मा परका झाला आहे हें कळणें वेगळें आणि त्याला घरीं परत बोलावणें वेगळें. बेकनची बुद्धि पहिल्या कामास पुरेपूर होती. दुसऱ्यासाठीं जें लागतें तें त्यानें सदैव पुढल्या वर्षावर टाकलें.

अधिकारकाळांतील दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. सॉमरसेटमध्यें पीचम नांवाचा एक वृद्ध धर्मोपदेशक होता. त्याच्या घरीं एका प्रवचनाचे कागद सांपडले. त्यांत राजाविषयीं कठोर मजकूर होता, पण तें प्रवचन कधीं केलेलेंच नव्हतें. जानेवारी १६१५ मध्यें त्याचा शारीरिक छळ करून जबानी घेण्यांत आली. 'नोव्हम ऑर्गनम्'चा भावी कर्ता त्या वेळीं हजर होता. निसर्गापासून सत्य कसें काढून घ्यावें याची पद्धति जगाला शिकविणारा मनुष्य एका थकलेल्या म्हाताऱ्यापासून 'सत्य' अशा रीतीनें काढूं पाहतो, हें दृश्य विसरण्यासारखें नाहीं. त्यानंतर न्यायाधीशांना एकेकटें गांठून त्यांचें मत घेण्याचा डाव झाला, तेव्हां हरकत घेतली ती कोकनें. हा कोक कांहीं संत नव्हता. तो उर्मट होता, आणि रॅलेच्या खटल्यांतील त्याची वाणी आजही लाज आणते. पण १६१६ त राजानें न्यायाधीशांस विचारलें कीं, आमच्या हिताचा प्रश्न असेल तर खटला थांबवून आधीं आमची इच्छा विचाराल ना? बाकी सर्वांनीं होकार दिला. कोक एवढेंच म्हणाला कीं, न्यायाधीशास जें शोभेल तें मी करीन. त्याची जागा गेली. बेकन त्या वेळीं राजाच्या बाजूस होता. बुद्धीनें तो कोकच्या किती तरी वर. पण त्या एका दिवशीं उंच कोण ठरलें, हें सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षाची. राजाचा नवा लाडका व्हिलियर्स (हाच पुढें ड्यूक ऑफ बकिंगहॅम झाला) यानें बेकनजवळ सल्ला मागितला. बेकननें त्यास लिहून कळविलें कीं, न्यायालयांत चालूं असलेल्या कोणत्याही प्रकरणांत शब्द टाकूं नये. सल्ला सोन्यासारखा होता. पण बेकन न्यायासनावर बसल्यावर याच बकिंगहॅमचीं शिफारसपत्रें पक्षकारांच्या वतीनें एकामागून एक येऊं लागलीं, आणि सल्लागारानें तीं निमूटपणें स्वीकारलीं.

मग १६२१ उजाडलें. बेकन साठीचा झाला, त्यास व्हायकाउंट ही पदवी मिळाली, आणि तीन महिन्यांच्या आंत पार्लमेंटांत त्याच्यावर लांचाचे आरोप आले. ऑब्रे म्हणे, मीं शंभर पौंड दिले. एगर्टन म्हणे, मीं चारशें दिले. आणि गंमत ही कीं दोघांच्याही विरुद्ध निकाल झालेले! बेकनचे कैवारी यावर भर देतात : पैसे घेऊनही त्यानें न्याय विकला नाहीं. हें बव्हंशीं खरें असेल. पण ज्यानें पैसे घेऊन न्याय विकला तो निदान आपण काय करीत आहों हें जाणतो. ज्यानें पैसे घेतले आणि न्यायही केला, त्याला आपण स्वच्छ आहों असा भ्रम राहतो. एकंदर अठ्ठावीस कलमें झालीं. बेकननें तीं कबूल केलीं. ३ मे रोजीं शिक्षा सांगण्यांत आली : चाळीस हजार पौंड दंड, राजाची मर्जी असेपर्यंत टॉवरमध्यें कैद, आणि पुन्हां कोणतेंही अधिकारपद नाहीं. कैद थोड्या दिवसांतच संपली, दंडही प्रत्यक्षांत वसूल झाला नाहीं. नांव मात्र गेलें तें गेलेंच.

आतां निबंधांकडे वळूं. १५९७ च्या पहिल्या आवृत्तींत ते दहा होते, १६१२ त अडतीस झाले, १६२५ त अठ्ठावन्न. उच्चपदाविषयींचा निबंध १६१२ च्या आवृत्तींत प्रथम आला. लांच टाळावयाचा तर घेणाऱ्याचेच नव्हे तर देऊं करणाऱ्याचेही हात बांधले पाहिजेत, असा त्यांत उपदेश आहे. आणि हा उपदेश करणाऱ्याचें पतन नऊ वर्षांनीं नेमकें तेथेंच झालें. यास ढोंग म्हणणें सोपें आहे; आम्ही तसें म्हणणार नाहीं. निबंध नीट वाचले म्हणजे ध्यानांत येतें कीं, ते ज्या जागेवरून लिहिले आहेत तीच विलक्षण आहे. माँतेन्य या फ्रेंच निबंधकाराचें पुस्तक १५८० सालीं निघालें, आणि बेकननें 'निबंध' हें नांव त्याच्यापासूनच उचललें. पण माँतेन्यच्या पानापानांवर 'मी' आहे : माझी भीति, माझा आळस, माझी चूक. बेकनच्या निबंधांतून हा 'मी' जवळजवळ हद्दपार झाला आहे. मनुष्यजात कशी वागते हें तो सांगतो. आपण कसे वागलों हें सांगत नाहीं. कपटाचे फायदे तीन, तोटे तीन, अशी तो मोजदाद करितो; तराजू अचूक आहे, पण तराजू धरणारा दिसत नाहीं. जें शहाणपण स्वतःला कधीं उद्देशून बोलत नाहीं, तें दुसऱ्याच्या उपयोगी पडतें, मालकाला वांचवीत नाहीं. मेकॉलेनें दोन बेकन पाहिले ते यामुळेंच. वस्तुतः बेकन एकच. मात्र त्यानें स्वतःला आपल्याच वाक्यांतून वगळलें होतें.

एके ठिकाणीं मात्र हा पडदा किंचित् हालल्यासारखा वाटतो. १६२५ च्या आवृत्तींत मैत्रीवरील निबंध त्यानें नव्यानें लिहिला. त्यांत थोरांच्या मैत्रीचीं उदाहरणें देतांना सीझर आणि डेसिमस ब्रूटस यांचें उदाहरण येतें : सीझरनें ज्याला मृत्युपत्रांत वारसांच्या मागोमाग स्थान दिलें, तोच मित्र त्याला घरांतून बाहेर काढून मृत्यूकडे घेऊन गेला. मैत्रीच्या स्तुतीसाठीं दिलेलें हें किती चमत्कारिक उदाहरण! लिहितांना चोवीस वर्षांपूर्वींचा तो फेब्रुवारी त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहिला असेल काय? आम्हांस याचें उत्तर देतां येत नाहीं. पण हें पान उलटतांना आमचा हात अडखळतो. याच शेवटल्या आवृत्तींत सत्यावरचा निबंध प्रथम छापला गेला, आणि त्यानें तो सर्वांच्या अग्रभागीं ठेविला.

आतां मूळ करार फळला कीं नाहीं तें पाहूं, कारण तडजोडीचें समर्थन शेवटीं फळावरच अवलंबून असतें. कोणी म्हणेल, 'नोव्हम ऑर्गनम्' १६२० त, म्हणजे चॅन्सेलर असतांनाच निघाला ना? होय, पण तो अपुरा निघाला. आपले दिवस भरत आले, तेव्हां आहे तेवढें तरी वांचावें म्हणून आपण तो प्रसिद्ध करीत आहों, असें त्यानें राजास स्पष्ट कळविलें. सहा भागांची त्याची महान् योजना. त्यांतला हा दुसरा भाग, तोही अर्धा. बाकीचें राज्यकारभारानें खाल्लें. उलट, सत्ता गेल्यावरच्या पांच वर्षांत पाहा : १६२२ त सातव्या हेन्रीचा इतिहास, १६२३ त ज्ञानविस्तारावरील मोठा लॅटिन ग्रंथ, १६२५ त निबंधांची अखेरची आवृत्ति, शिवाय 'न्यू ॲटलांटिस' आणि निसर्गविषयक प्रयोगांचा संग्रह. ज्या सत्तेशिवाय काम होणार नाहीं असें तो तीस वर्षें म्हणत होता, ती हिरावली गेल्याबरोबर काम झालें. आणि त्यानें जिची स्वप्नें पाहिलीं ती संशोधकांची संस्था? ती १६६० त, त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनीं, लंडनमध्यें 'रॉयल सोसायटी' म्हणून उभी राहिली, आणि तिच्या सभासदांनीं बेकनला आपला पूर्वज मानलें. राजाची सनद तिला १६६२ त मिळाली. पण आठवड्याच्या बैठका त्याआधींच सुरू झाल्या होत्या. त्यांना चॅन्सेलरची मुद्रा लागली नव्हती.

पतनाच्या वर्षीं बेकननें एक प्रार्थना लिहिली. तींत तो ईश्वरापुढें म्हणतो कीं, मला दिलेलें धन मीं राखलेंही नाहीं आणि योग्य व्यवहारांत गुंतविलेंही नाहीं. ज्या कामास मी सर्वांत अपात्र त्यांत तें उधळलें. माझा आत्मा माझ्याच यात्रेंत परका राहिला. सोळा वर्षांपूर्वीं बॉड्लीला लिहिलेलेंच वचन पुन्हां! फरक एवढाच कीं, तेव्हां दुरुस्तीस वेळ होता.

ही जुनी, परदेशची गोष्ट आम्हीं इतक्या विस्तारानें कां सांगितली? आमच्या वर्गांतून जे हुशार तरुण बाहेर पडतात, त्यांपैकीं कित्येक आम्हांस पुढें भेटतात. कोणी म्हणतो, एकदां कायम झालों कीं लिहीन. कोणी म्हणतो, वरच्या जागेवर गेलों कीं मग या गैरप्रकारांस हात घालीन, तोंपर्यंत गप्प बसणें बरें. त्यांचा हेतु वाईट नसतो, आणि संसाराच्या अडचणी आम्हांसही ठाऊक आहेत. असे शब्द आम्हीं स्वतःही उच्चारले आहेत. आम्हीं त्यांना उपदेश करीत नाहीं, बेकन पुन्हां वाचा एवढेंच सांगतों. निबंध वाचतांना शेजारीं बॉड्लीचें पत्र ठेवावें, म्हणजे पुस्तकांतून वगळलेला 'मी' वाचकास सांपडेल, आणि त्या निबंधांचें मोल कमी न होतां उलट वाढेल.

त्याच्या अंताविषयीं ऑब्रेनें एक आख्यायिका नोंदविली आहे. १६२६ च्या वसंतऋतूच्या आरंभीं बेकन लंडनजवळ हायगेटच्या रस्त्यानें चालला होता. बर्फ पडलेलें पाहून त्याच्या मनांत आलें कीं, थंडीनें मांस टिकतें कीं काय तें पाहावें. त्यानें एक कोंबडी विकत घेतली, ती साफ करवून तिच्या पोटांत आपल्या हातांनीं बर्फ भरलें, आणि त्या गारठ्यानें तो आजारी पडला. ९ एप्रिल रोजीं त्याचा देहांत झाला. कोंबडीची गोष्ट खरी असो वा नसो, त्या दुखण्यांतील त्याचें एक पत्र मात्र उपलब्ध आहे, आणि त्यांत त्यानें आवर्जून कळविलें आहे कीं, प्रयोग उत्तम साधला. पांसष्ट वर्षांचा, पदच्युत, कर्जबाजारी असा तो गृहस्थ रस्त्याच्या कडेस अखेर त्याच कामांत गढून गेला, ज्यासाठीं तो जन्मास आला होता. त्यासाठीं लागली ती एक कोंबडी आणि मूठभर बर्फ. आणि हीं दोन्ही त्याला तिसाव्या वर्षींही मिळालीं असतीं.